खोट्या चुकीला मीठ

बदलापुरात जांभळं आली की उल्हासनगरात पुस्तकं येतात. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण माझ्या आयुष्यात तो असा जुळलाय की आता सोडवता येत नाही. मे सरत आलेला असतो, नळाला दिवसाआड पाणी, दुपारी गेलेली लाईट संध्याकाळी येते, आणि स्टेशनबाहेर ठाकर बायका टोपल्यांवर ओलं फडकं टाकून बसलेल्या दिसू लागतात. फडकं उचललं की खाली टपोरी, काळीभोर, देठाशी किंचित लाल राहिलेली जांभळं. त्याच दिवसांत आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये प्रकाशकांची माणसं घामाघूम होऊन गठ्ठे आणून ठेवतात. "मॅडम, सॅम्पल कॉपी आहे, जरा नजरेखालून घाला." कॉलेज उघडायच्या आत मुलांना कोणतं पुस्तक लावायचं ते आम्हाला ठरवायचं असतं. काल यंदाचा पहिला गठ्ठा आला. येताना मी जांभळं घेतली.

मी रसायनशास्त्र शिकवते. रेणू कसे बांधलेले असतात, स्फटिकात अणू कसे रांगा धरून उभे असतात, हा माझा विषय. दिसत नाही असं काहीतरी चित्र काढून दाखवायचं, म्हणजे खोटं बोलायला भरपूर वाव. आणि लेखक तो वाव सोडत नाहीत. एकाने प्रस्तावनेत गुरुजनांचे, पत्नीचे आणि श्रीगजाननाचे आभार मानले होते आणि पुढच्या पानावर बेंझिनला सात कोपरे काढले होते. दुसऱ्याने हिरा आणि ग्राफाइट यांच्या आकृत्यांची अदलाबदल करून खाली लिहिलं होतं, 'आकृती नीट पाहा.' मी नीट पाहिली. मग त्याचं पुस्तक मी असं काही सोलून काढलं की त्याच्या प्रकाशकाचा माणूस पुन्हा आमच्या जिन्याची पायरी चढला नाही. लेखकही माणूस आहे, त्याला घरदार आहे, त्याने रात्री जागवल्या असतील, असले विचार मला सुचत नाहीत. अंबरनाथच्या, उल्हासनगरच्या पोराच्या डोक्यात सात कोपऱ्यांचं बेंझिन जाऊन बसलं की ते आयुष्यभर निघत नाही. त्या पोराचा विचार कुणीतरी करायला हवा ना?

हे मला बाबांनी शिकवलं. बाबा अंबरनाथच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. तिन्ही गावांतली पोरं त्यांना 'ब्लेड सर' म्हणायची, आणि ते नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना आवडलं होतं. कुणाचा पेपर तपासून परत देताना ते मार्क सांगायचे नाहीत. "ह्याचा कागद चांगला आहे," म्हणायचे, "भेळवाल्याला दे." सगळा वर्ग हसायचा आणि तो पोरगा मान खाली घालून जागेवर जायचा. आजही मोरिवली नाक्यावर स्कूटी थांबवली की एखादा टक्कल पडलेला, पोट सुटलेला कंपनीतला माणूस पुढे येतो. "मॅडम, ब्लेड सर आहेत ना अजून? साला काय इज्जत काढायचा राव. पण शिकवायचा भारी. अजून लक्षात आहे सगळं, झोपेत विचारा." त्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. ज्याने आपल्याला सगळ्यांत जास्त फाडलं त्याचाच माणसं असा अभिमान धरतात, हे मी खूपदा पाहिलंय.

मे महिन्यात माझ्या मैत्रिणी मामाकडे कोकणात जायच्या. मी वरच्या गॅलरीत बसायचे, बाबांच्या समोर. मध्ये एक पाट, पाटावर जांभळांची वाटी, शेजारी बशीत मीठ, आणि एखादं पाठ्यपुस्तक. त्यात चूक शोधायची. चूक सापडली की एक जांभूळ. पण चूक नसताना चूक म्हटलं, तर वाटी बाबांच्या बाजूला ओढली जायची, आणि माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ. ते चाटायचं. बाबा म्हणायचे, "खऱ्या चुकीला जांभूळ, खोट्या चुकीला मीठ." हा खेळ होता असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलेय, पण बाबा खेळत नव्हते.

मी पाचवीत किंवा सहावीत असेन. पुस्तकात पाण्याच्या रेणूचं चित्र होतं, मधोमध वाकलेलं. मला वाटलं, छापताना वाकडं झालं. मी ऐटीत बोट ठेवलं. "चूक! वाकडं काढलंय." बाबांनी पुस्तक मिटलं, शेजारच्या काकांना हाक मारून कुंपणाशी बोलावलं आणि म्हणाले, "ऐकलंत का? आमची संध्या म्हणते पाणी सरळ असतं. आता तुमची विहीर उभी करून ठेवा." काका बिचारे काही न कळून हसले. आतून आई म्हणाली, "अहो, एवढीशी पोर, एक जांभूळ तरी खाऊ द्या तिला." बाबा म्हणाले, "कीव केलीस तर मूर्ख राहील." मग माझ्या तळहातावर मीठ ठेवलं आणि त्यांचं भिंग माझ्या हातात दिलं. "नीट बघ. दाणे कसे आहेत?" मी रडत रडत बघितलं. चौकोनी होते, लहान लहान डब्यांसारखे. "मिठाला पण शिस्त आहे," बाबा म्हणाले. "तुला नाही. चाट आता." मी चाटलं. तेव्हापासून मिठाची आकृती माझ्या डोळ्यांसमोरून कधी हललेली नाही. सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, उभं पाहा, आडवं पाहा, आत शिरून पाहा. सोडियमचा शेजारी कधीही सोडियम नाही, आणि प्रत्येकाच्या भोवती सहा.

कॉलेजात लागल्यावर ही रीत मी तिकडे नेली. वाटी मोठी झाली आणि स्टाफरूमच्या टेबलावर आली, एवढाच फरक. पुस्तकांना खाकी कागदाचं कव्हर घालायचं, लेखकाच्या नावाची पानं स्टेपल करून बंद करायची, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न नको. मग चुका मोठ्याने वाचायच्या. ज्याने सगळ्यांत भयंकर चूक काढली त्याची वाटी. मीठ चाटवण्याचा भाग मात्र मी त्यांना कधी सांगितला नाही. ते फक्त आमच्या घरचं होतं. आमच्या विभागप्रमुख लालवाणी मॅडम उल्हासनगरातच जन्मल्या, वाढल्या. त्यांना हा प्रकार फार आवडायचा. तोंडात जांभूळ धरून त्या म्हणायच्या, "संध्या, आज किसको मारना है?" नवा लागलेला तुषारही लवकरच तयार झाला. तासाभरात सगळ्यांच्या जिभा जांभळ्या व्हायच्या आणि टेबलावर लेखकांची हाडं पडलेली असायची. मी खोटं कशाला सांगू, वर्षातले ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस असायचे.

काही वर्षांपूर्वीचा एक मे महिना मात्र जांभळं दिसली की अजून वर येतो. बाबा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता आणि त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. रेणू आणि स्फटिक, अथपासून इतिपर्यंत. इंग्रजीतच, पण मराठी शाळेतून आलेल्या पोराला डिक्शनरी न उघडता कळेल असं. सगळ्या आकृत्या आधी त्यांनी स्वतः पेन्सिलीने काढल्या होत्या. मग उल्हासनगरात कॅम्प तीनमधल्या एका प्रकाशकाने त्या कॉम्प्युटरवर करून घेतल्या आणि प्रुफं पाठवली. आई तोवर गेली होती. त्या प्रुफांवर बाबा कितीतरी दुपारी गॅलरीत भिंग घेऊन बसायचे, कागद अगदी नाकाशी धरून. मी म्हटलं, "बाबा, मी बघू का एकदा?" तर खेकसले. "तू कमिटीत आहेस. हात लावायचा नाही. आणि तिथे माझं नाव काढलंस तर पुस्तक मागे घेईन." डोळ्यांत तेल घालून प्रुफं बघतायत असं मी लालवाणी मॅडमना ओळखीच्या एका लेखकाबद्दल म्हणून सांगितल्याचंही आठवतं. कुणाचं पुस्तक ते मात्र सांगितलं नाही.

प्रकाशकाने सरळ सांगून टाकलं होतं, "साईं, कॉलेज लगाएगा तो छापूंगा, नहीं तो सॅम्पल ही रहेगा." म्हणजे सगळं आमच्या टेबलावर होतं. बाबा बोलून दाखवणारे नव्हते. पण रोज संध्याकाळी मी स्कूटी लावायच्या आत वरून आवाज यायचा, "मीटिंगची तारीख ठरली का?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर रेघोट्या मारल्या, आता आपलं पुस्तक पोरांच्या दप्तरात असावं, एवढंच त्यांना हवं होतं. जून महिन्यात नव्या पोरांच्या हातात ते पुस्तक बघायला कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन उभं राहायचंही त्यांनी ठरवलं असावं. कारण एक दिवस त्यांनी सहज विचारलं होतं, फाटकापाशी सावली असते का म्हणून.

मीटिंगच्या दिवशी लाईट नव्हती. खिडक्या उघड्या टाकल्या की वालधुनी नदीकडून वास यायचा, बंद केल्या की गुदमरायला व्हायचं. आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या आणि जांभळं मध्ये घेतली. एकेक खाकी पुस्तक पडत गेलं. मग बाबांचं आलं. मी कव्हरावरून नाही, वाक्यावरून ओळखलं. पहिलंच वाक्य होतं, मिठाचा दाणा भिंगाखाली धरा. तुषार दोन धडे उभ्या उभ्या वाचून म्हणाला, "मॅडम, हे भारी आहे. पोरं वाचतील तरी. बाकीचे साले काय लिहितात त्यांनाच कळत नाही." लालवाणी मॅडम म्हणाल्या, "सच में. सीधा बात करतो ना हा माणूस. कौन है पता नहीं, पण पढ़ाया होगा इसने बहुत." "तो फिर यही लगाते हैं?" मॅडमनी विचारलं आणि पेन उघडलं. "संध्या, तुझं झालं ना बघून?"

माझं झालं नव्हतं. माझ्यापुढे मिठाची आकृती उघडी होती. काळे ठिपके सोडियम, पांढरे गोल क्लोरीन. ही आकृती रसायनशास्त्राचा कुठलाही शिक्षक बघत नाही. हजारदा काढलेली, हजारदा शिकवलेली. पान उलटताना डोळा तिच्यावरून घसरतो आणि मन म्हणतं, मीठ आहे, पुढे चला. तुषार असाच पुढे गेला होता, मॅडमही गेल्या होत्या. माझ्या हातावर लहानपणी मीठ ठेवलं नसतं तर मीही गेले असते. वरच्या कडेला, उजवीकडच्या कोपऱ्याजवळ, दोन काळे ठिपके शेजारी शेजारी बसले होते. सोडियमला सोडियम लागून.

मी गप्प बसले असते तर? वर्षभर कुणाला कळलं नसतं, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त झालं असतं, आणि बाबा जूनमध्ये फाटकापाशी सावलीत उभे राहिले असते. हे सगळं मला तेव्हाच दिसलं. आणि त्याबरोबर दुसरंही काही दिसलं, ते लपवण्यात अर्थ नाही: शेजारचे काका, कुंपण, विहीर. मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "मिठाची आकृती चुकली आहे."

पुढचं लवकर झालं. मूळ आकृतीच चुकलेली असेल तर पुस्तक बाद, हा आमचा नियम, आणि तो मीच केलेला. तुषारने पुस्तक ओढून घेतलं आणि आता तो नीट बघू लागला. "ए मॅडम, हे बघा, हिऱ्यात एका कार्बनला पाच बंध!" पाच हातांचा कार्बन म्हणजे आमच्यात माणसाला शेपूट फुटण्यासारखं. अजून एक सापडली, अजून एक. मघाशी भारी असलेलं पुस्तक आता हातोहात फिरू लागलं. लालवाणी मॅडम डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अरे, इसको कोई चश्मा दो रे!" तुषार म्हणाला, "चश्मा नको, कुत्रा द्या, हात धरून नेणारा." वाक्य धड नव्हतं, पण सगळे हसले. मीही हसले. वाटी माझ्याकडे सरकवण्यात आली.

निकाल लिहून झाला की स्टेपल काढायचे, हीही रीतच. मॅडमनी नखाने पान सोडवलं, नाव वाचलं, मग माझं आडनाव आठवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "संध्या... ये तो तेरे पप्पा." मी मान हलवली. "तुला माहीत होतं?" "हो." तुषारने जांभळाची बी तोंडातून काढून हातातच धरून ठेवली, कुठे टाकावी ते त्याला कळेना. मॅडम म्हणाल्या, "चित्र बदलून घेऊ ना, बाबा. अगले हफ्ते फिर बैठते हैं. कोण बघतंय?" मी म्हटलं, "नाही. बाकीच्यांना संधी दिली का आपण?" "कैसी औरत है रे तू," त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि उरलेली जांभळं पिशवीत भरून माझ्यापुढे ठेवली.

ती पिशवी स्कूटीला लटकवून मी घरी आले. अंबरनाथ ओलांडताना कंपन्यांच्या पट्ट्यात तो आंबूस, घशात बसणारा वास असतो. त्या दिवशी तोही मला चांगला वाटला. वरून आवाज आला, "ठरली का?" मी वर गेले, वाटीत जांभळं ओतली, पाटावर मीठ ठेवलं आणि सांगितलं. बाद झालं. मिठाची आकृती. वरची कड, उजवा कोपरा, सोडियमला सोडियम.

"कुणी पकडली?"

"मी."

बाबांनी वाटी चाचपली, एक जांभूळ उचललं आणि माझ्यापुढे धरलं. बक्षीस म्हणून. मग म्हणाले, "माझ्याच डोक्यात गोंधळ झाला असेल." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मला आनंद झाला. दुःख झालं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण मला आनंदच झाला, आणि तो जांभळाइतकाच गोड आणि तुरट होता. ज्या माणसाने मिठाचा दाणा भिंगाखाली धरायला शिकवलं त्याच्या डोक्यात मिठाबद्दल गोंधळ कसा होईल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. पडू दिला नाही म्हणा. आकृत्या सुधारून पुन्हा देता येतील असं मॅडम म्हणाल्याचं मी सांगितलं. बाबा म्हणाले, "मी फेरपरीक्षेला बसत नाही." पुस्तकाच्या प्रती माळ्यावर गेल्या. प्रकाशकानेही पुन्हा फोन केला नाही.

मग पावसाळ्यानंतर कधीतरी बाबांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि न बोलता पिऊन टाकलं. मी त्यांना उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने एक कागद पुढे धरला, बारीक बारीक चौकटींचा, मधोमध काळा ठिपका. "काका, ठिपक्याकडे बघा आणि सांगा, रेघा सरळ दिसतायत का?" बाबांनी कागद नाकाशी धरला. "कसला ठिपका? आणि छपाई बेकार आहे तुमची. मधल्या रांगा वाकल्यात. इथे तर दोन चौकटी गायब आहेत." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "रेघा सरळच आहेत, काका." मग त्याने विचारलं, "हे असं कधीपासून दिसतंय?" बाबा म्हणाले, "पुस्तकाच्या आधीपासून." ते डॉक्टरला म्हणाले, पण सांगितलं मला.

दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग होता. कडेचं दिसायचं, नेमकं ज्याच्याकडे बघावं ते पुसलं जायचं. रिक्षात मी म्हटलं, "त्या दिवशी सांगितलं का नाहीत? डोक्यात गोंधळ झाला म्हणालात." बाबा बाहेर बघत होते, म्हणजे तोंड बाहेर होतं. "चूक ती चूक. परीक्षेत कुणी डोळे तपासतं?" थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या कमिटीला सांगू नकोस हे. त्यांना मी मूर्ख वाटलो तर चालेल. बिचारा वाटायला नको." मी हो म्हटलं. लालवाणी मॅडम निवृत्त झाल्या, तुषार दुसरीकडे गेला, मी कुणालाही सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ब्लेड सरांना म्हातारपणी मीठ येईनासं झालं. भेट झाली की चष्म्याचा तो विनोद अजून कधीमधी निघतो आणि मी हसते.

हल्लीच्या सगळ्या पुस्तकांत स्फटिकांच्या धड्याच्या शेवटी एक गोड परिच्छेद असतो. निर्दोष स्फटिक जगात नसतो, दोषांमुळेच रत्नांना रंग येतो, वगैरे. निरोपसमारंभात लोक तो वाचून दाखवतात आणि टाळ्या घेतात. मला त्या परिच्छेदाचा संताप येतो. माणिकात क्रोमियम शिरलं म्हणून लाल झालं, ठीक आहे. पण प्रत्येक वाकडेपणातून सौंदर्यच निघतं असं ज्याला वाटतं त्याने येऊन आमच्या गॅलरीत बसावं. मी त्या परिच्छेदाचे मार्क कापते.

आता दर मे महिन्यात बाबांना मी पुस्तकं वाचून दाखवते. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घर तेच, गॅलरी तीच. पाट जाऊन टेबल आलं. मी धडा वाचते, आकृती तोंडाने सांगते: वर पांढरा, खाली काळा, मधे रेघ. बाबा डोळे मिटून ऐकतात आणि मधेच बोट वर करतात. "थांब. परत वाच. चूक." गेली काही वर्षं त्यांनी नुसत्या कानांनी असल्या असल्या चुका पकडल्या की कमिटीत माझा दरारा वाढला. वाटीतली जांभळं तेच जास्त खायचे. बोटं जांभळी, धोतरावर डाग, आणि चेहऱ्यावर ते जुनं, कुणाला तरी सोलून ठेवल्याचं समाधान.

काल यंदाचं पहिलं पुस्तक उघडलं. लाईट गेलेली होती, पण उजेड होता अजून. समोरच्या टॉवरवर टँकरचं पाणी चढवायची मोटर जनरेटरवर घरघरत होती. मी वाचत होते. सीझियम क्लोराइड, प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रकारचे आठ आयन. बाबांचं बोट वर गेलं.

"चूक."

मी थांबले. "काय चूक, बाबा?"

"आठ कसे? सहा. लिहिणारा गाढव आहे." आणि त्यांचा हात वाटीकडे निघाला.

आठच असतात. मिठात सहा, सीझियममध्ये आठ. हे मला त्यांनीच शिकवलं, ह्याच गॅलरीत. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या पोरांना त्यांनीच शिकवलं, आणि जो चुकला त्याचा कागद भेळवाल्याला दिला. डोळे गेले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, म्हणजे इतकं वाटलं नव्हतं. डोळे नसले तरी मागे ते सगळं लखलखीत रांगेत उभं होतं. आता रांगेतला एक जण जागा सोडून गेला होता. आणि बाबांना ते माहीत नव्हतं.

हो म्हणणं अगदी सोपं होतं. हो बाबा, सहाच, गाढव आहे लेखक, घ्या जांभूळ. कोण बघतंय? त्यांची बोटं वाटीच्या कडेला लागली. मी वाटी माझ्या बाजूला ओढून घेतली.

"आठ, बाबा. सहा मिठात. हे सीझियम आहे."

त्यांचा हात टेबलावर तसाच राहिला. बोटं थोडी इकडे, थोडी तिकडे फिरली, वाटी जिथे होती तिथे. चेहरा आधी रागाने ताठ झाला, मग घाबरला. बाबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते; मोजत असावेत, मनातल्या मनात घन उभा करून, त्याचे कोपरे मोजत. मोटर बंद पडली. मी वाटी परत पुढे केली नाही. केली असती तर मला त्यांची कीव आलीय हे त्यांना कळलं असतं.

मग त्यांनी हात उलटा केला. तळवा वर, अगदी तसा, जसा माझा असायचा.

"मीठ दे," ते म्हणाले.

मी बशीतून चिमूटभर मीठ घेऊन त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्याने दाणे जरा घोळवून पाहिले आणि चाटून घेतले.

"हं," बाबा म्हणाले. "पुढे वाच."